बेटापासून तावापर्यंत : देहरादूनच्या कागद विभागाची वाटचाल

कागदाच्या प्रयोगशाळेत ज्याने आठवडाभर जरी काढला असेल, त्याच्या हातून तो गोल ताव गेलेलाच असतो. क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर, कोरडे वजन 1.2 ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम. लगदा पाण्यात विस्कटायचा, साच्यात ओतायचा, पाणी सोडायचे आणि जाळीवर राहिलेला ओला पापुद्रा टिपकागदाने अलगद उचलून दाबाखाली ठेवायचा. वाळला की फाडून, ताणून, फुगवून, दुमडून त्याची परीक्षा घ्यायची. आपल्या देशात बांबूच्या, साळईच्या, सबई गवताच्या अंगचे गुण पहिल्यांदा कळले ते अशाच चाचणीच्या तावांवर, आणि त्यांतले फार मोठे काम देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत झाले. आपल्या स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी त्या संस्थेच्या कागद विभागाचा इतिहास लिहायला मला सांगितले, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्यातले काही जण देहरादूनला शिकले, काही सहारनपूरला, आणि पुढची नोकरी बहुतेकांची बल्लारपूर, नेपानगर अशा ठिकाणी गेली. पण आपण सगळ्यांनी ज्या विद्येवर पोट भरले, तिचे मूळ देहरादूनलाच आहे.

मात्र गोष्ट देहरादूनच्या आधीपासून सुरू करावी लागते.

थॉमस रूटलेज हा इंग्लंडमधला कागद कारखानदार. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या एस्पार्टो गवतापासून कागद करण्याची रीत त्याने बसवली होती, आणि त्या काळी चिंध्यांच्या तुटवड्याने हैराण झालेल्या धंद्याला तो मोठाच आधार वाटला होता. त्यानंतर त्याची नजर हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या बांबूकडे गेली. 1875 मध्ये त्याने बांबूवर एक पुस्तिका काढली आणि ती छापली बांबूच्याच कागदावर. लगदा चांगला होता, कागदही चांगला होता. पण रूटलेजला हवे होते ते कोवळे कोंब, विदर्भात ज्यांना आपण वास्ते म्हणतो ते. कोवळा कोंब लवकर शिजतो, रसायन कमी लागते, गाठी टणक झालेल्या नसतात. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर यात काहीच चूक नव्हती. चूक जंगलात होती. बांबूचे बेट दर पावसाळ्यात नवे कोंब टाकते, आणि त्या कोंबांना आधी पाने फुटून त्यांनी जमिनीखालचा कंद पोसला, तरच पुढच्या वर्षीचे कोंब येतात. दर वर्षी कोंबच खुडले तर थोड्याच वर्षांत बेट मरते. जंगल जाणणाऱ्यांनी हा धोका तेव्हाच दाखवून दिला आणि ती योजना मागे पडली.

मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासाचा पाया वाटतो. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली रीत बेटाजवळ येऊन कोसळली. म्हणून पुढे आपल्याकडे कागदाचे संशोधन एखाद्या रसायनशाळेत न जाता वन संशोधन संस्थेत रुजले, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. लगदा शिजवणारा आणि झाड ओळखणारा एकाच आवारात बसत होते.

देहरादूनला वन शिक्षणाची शाळा 1878 पासून होती. 1906 मध्ये तिथे संशोधन संस्था उभी राहिली. सुरुवातीचा मुक्काम चांदबागेत होता. पुढे 1935 मध्ये डून स्कूल सुरू झाले ते याच जागेवर. तेव्हाच्या हिंदुस्थानात यंत्रावर कागद करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बंगालात टिटागढ, राणीगंज, तिकडे लखनौ, आणि आपल्या पुण्याला मुंढव्याची 1885 सालची डेक्कन पेपर मिल. चिंध्या, रद्दी, ताग आणि सबई गवत हा त्यांचा माल. सबई गवत उत्तम, पण ते विखुरलेले उगवते, वाहतूक महाग पडते आणि त्याला मर्यादा आहे. गवतावर धंदा वाढणार नाही, हे सगळ्यांना दिसत होते. बाहेरून येणारा कागद मात्र स्प्रूस, फर यांसारख्या सूचिपर्णी लाकडाच्या स्वस्त लगद्याचा होता. आपल्याकडे असे लाकूड आहे हिमालयात, उंचावर, जिथून खाली आणायलाच त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतील.

उरला बांबू. संस्थेत वनोपजाच्या आर्थिक बाजूचे काम पाहणारे आर. एस. पिअर्सन यांनी बांबूच्या उपलब्धतेचा आणि खर्चाचा हिशेब मांडला. विल्यम रेट या सेल्युलोज तज्ज्ञाने त्याच्या शिजवणीचा. रेटचा अहवाल 1912 चा, पिअर्सनची टिपणी 1913 ची. मला त्यांच्या वेगवेगळ्या असण्यापेक्षा एकत्र असण्याचे अप्रूप वाटते: कच्चा माल कुठून, किती, काय भावाने येणार हा प्रश्न आणि तो कसा शिजवायचा हा प्रश्न एकाच संस्थेने एकाच वेळी विचारला.

रेटच्या कामावर थोडे थांबतो, कारण आपल्या विद्येचे ते पहिले खरे देशी पान आहे.

बांबूची अडचण त्याच्या गाठीत होती. पेर मऊ पडून लगदा होते, पण गाठ तशीच टणक राहते आणि कागदात खडा होऊन बसते. आधीचे लोक गाठी कापून टाकत. म्हणजे मजुरी वाढली आणि मालही वाया गेला. रेटने बांबू तोडण्याऐवजी चेपला. जड रुळांतून दाबून काढला की गाठ फुटून तिचे धागे मोकळे होतात आणि रसायन आत शिरते. पेर आणि गाठ मग एकाच भट्टीत, एकाच वेळात शिजतात. वाचायला साधे वाटते. पण यामुळे परिपक्व बांबू वापरता येऊ लागला, आणि बेटाला हात न लावता फक्त जुन्या काठ्या काढण्याचा रस्ता मोकळा झाला. रूटलेजच्या चुकीवरचे उत्तर असे रुळांच्या एका जोडीत सापडले.

दुसरी अडचण रंगाची. बांबूत स्टार्च असतो, पेक्टिनसारखी द्रव्ये असतात. लिग्निन काढायला जितका तीव्र सोडा आणि जितके तापमान लागते, तितक्यात ही हलकी द्रव्ये जळून तपकिरी रंग सोडतात. तो रंग धाग्यात बसतो, मग ब्लीचिंगला भरमसाट ब्लीच जाते आणि लगद्याचा जोरही जातो. रेटचे म्हणणे असे की जे सौम्य पाण्याने निघते, ते सौम्य पाण्यानेच आधी काढा. आधी कमी तापमानाला, अगोदरच्या घाण्यातून उरलेल्या फिक्या लिकरमध्ये स्टार्च आणि पेक्टिन काढून घ्यायचे. मग ताजे, तीव्र लिकर देऊन लिग्निन काढायचे. सोडा कमी लागला आणि लगदा उजळ निघाला. याला त्याने टप्प्याटप्प्याची शिजवणी असे नाव दिले आणि त्यावरचे त्याचे पुस्तक 1931 मध्ये लंडनहून निघाले. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात हे तत्त्व कुणालाही पटेल. भाजी आणि डाळ एकाच आचेवर, एकाच वेळी टाकली तर भाजीचा गाळ होतो आणि डाळ कच्ची राहते.

पहिल्या महायुद्धात कागदाची आयात रोडावली आणि सरकारचे लक्ष या कामाकडे वळले. नैहाटीला बांबूचा लगदा करणारा कारखाना उभा राहिला. तिथे सल्फाइट रीत होती, देहरादूनची नव्हती. म्हणजे बांबूच्या बाबतीत दोन पंथ समोरासमोर आले. टॅरिफ बोर्डाने दोन्हींची छाननी केली आणि 1925 मध्ये बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. ठरावीक जातीच्या आयात कागदावर रत्तलाला एक आणा जकात, मुदत 31 मार्च 1932 पर्यंत. ती संपल्यावर 1932 च्या नव्या कायद्याने संरक्षण पुढे चालू राहिले आणि बाहेरून येणाऱ्या लगद्यावरही जकात बसली. रत्तलाला एक आणा! आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण कच्च्या मालाच्या नावाने उद्योगाला संरक्षण मिळावे, आणि त्यामागे एका प्रयोगशाळेतली वर्षानुवर्षांची कामगिरी असावी, अशी उदाहरणे आपल्या औद्योगिक इतिहासात थोडी आहेत.

7 नोव्हेंबर 1929 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते संस्थेच्या न्यू फॉरेस्ट या नव्या आवारातल्या इमारतीचे उद्घाटन झाले. सी. जी. ब्लॉमफील्ड यांनी रचलेली ती लाल विटांची, लांबच लांब ओवऱ्यांची वास्तू आता चित्रपटांमुळे सगळ्यांच्या ओळखीची आहे. कागदवाल्यांना मात्र ओढ तिच्या दर्शनी बाजूची कधीच नव्हती. आमचे मन मागच्या अंगाला, जिथे डायजेस्टर, बीटर आणि छोटे कागदयंत्र होते, तिथे लागलेले असायचे. काचेच्या नळीत जमलेली गोष्ट टनावारी जमेलच असे नाही, आणि कारखानदाराला भरवसा हवा असतो तो चालत्या यंत्रावरून निघालेल्या गुंडाळीचा. त्या छोट्या यंत्राचे मोल त्यात होते.

रेटनंतरच्या पिढीत एम. पी. भार्गव यांनी हा विभाग सांभाळला. लगद्यासाठी बांबू या विषयावरचे त्यांचे चाळीशीच्या दशकातले पत्रक आमच्या काळीही मागून वाचले जायचे. त्यानंतर आर. व्ही. भट आणि एस. आर. डी. गुहा. भटांच्या काळात देशी कच्च्या मालाची एकामागून एक तपासणी सुरू झाली: कोणत्या झाडाचा धागा किती लांब, लगदा किती, किती ब्लीच, किती फाटतो. ही पत्रके रुक्ष आहेत. पानेच्या पाने तक्ते. पण स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या जंगलात काय आहे ते एकेक हातात घेऊन पाहिले, त्याची ही नोंद आहे, आणि मी ती आजही आदराने उघडतो. 1951 मध्ये देशात अवघ्या 17 कागद गिरण्या होत्या आणि सगळ्यांची मिळून क्षमता सुमारे 1.37 लाख टन. या पार्श्वभूमीवर ते तक्ते वाचले पाहिजेत.

या तपासण्यांतले आपल्या भागाच्या जवळचे नाव साळईचे. सातपुड्यात, मेळघाटात, खांदेशच्या डोंगरांत साळई उदंड. इमारतीला कुचकामी, जळणालाही फारशी नाही, डिंक तेवढा धुपाला उपयोगी. पण लाकूड फिके असते, आणि वर्तमानपत्राच्या कागदासाठी लाकूड रसायनात न शिजवता दगडावर दळायचे असते, तिथे फिका रंग ही मोठीच देणगी. देशात वर्तमानपत्राचा कागद तेव्हा होतच नव्हता, सगळा बाहेरून यायचा. बऱ्हाणपूरजवळ नेपानगरची गिरणी उभी राहिली ती साळईच्या भरवशावर. 1956 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. साळईचा धागा आखूड आणि दळलेला लगदा कमजोर, छापखान्याच्या वेगात तुटणारा. त्यात बांबूचा रासायनिक लगदा मिसळला की ताव तग धरतो. बांबूचा धागा सरासरी दोन ते तीन मिलिमीटर, रुंद पानांच्या झाडांचा एक मिलिमीटरच्या आसपास. हा एक-दोन मिलिमीटरचा फरक कागदाच्या यंत्रावर काय करतो, हे ओला कागद तुटून पहाटे तीन वाजता धावाधाव केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बल्लारपूरचा कारखाना 1945 चा. वर्धा नदीचे पाणी, शेजारी कोळसा, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मानवेल. भरीव बुडख्याचा हा बांबू म्हणजे देहरादूनच्या तक्त्यांत शास्त्रीय नावाने पहिल्या रांगेत बसलेला आपला ओळखीचा माणूस.

बांबूने आपल्याला एक दुखणेही दिले, आणि संशोधनाच्या इतिहासात ते लपवून चालणार नाही. ते म्हणजे सिलिका. गवताच्या कुळातला असल्यामुळे बांबूत लाकडापेक्षा कितीतरी जास्त सिलिका असते. शिजवताना ती सोड्यात विरघळते आणि ब्लॅक लिकरबरोबर पुढे जाते. लिकर आटवायला लागले की इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत काचेसारखा थर धरतो. मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्यात रिकव्हरीच्या रात्रपाळीला होतो. वाफ तेवढीच देत होतो, पण लिकर घट्ट होईना. नळ्या उघडल्या तेव्हा अंगठा जाईल एवढे भोक पेन्सिलीएवढे उरले होते. साफसफाई वेळापत्रकाप्रमाणे करायची राहिली होती. त्या पाळीत आम्ही कितीतरी लिकर साठवणीत वळवले आणि दोन दिवस छिन्नी घेऊन नळ्या खरवडल्या. तो थर हातात घेऊन पाहिला की वाटते, जंगलातल्या पात्याची धारच इथवर आली आहे.

सिलिका एवढ्यावर थांबत नाही. सोडा परत मिळवताना ती चुन्याच्या गाळात उतरते, गाळ नीट बसत नाही, आणि तो भाजून पुन्हा चुना करता येत नाही. म्हणून बांबू वापरणाऱ्या कारखान्यांबाहेर चुन्याच्या गाळाचे पांढरे ढीग साचले. स्वीडनच्या किंवा कॅनडाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण त्यांच्या लाकडात हा प्रश्नच नव्हता. ते आपल्यालाच शोधायचे होते. ब्लॅक लिकरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून क्षारता बेताने उतरवली की सिलिका आधी खाली बसते आणि लिग्निन लिकरमध्ये राहते. बेताने हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण थोडे जास्त झाले की लिग्निनही खाली येते आणि सगळा चिकट चोथा होतो.

1964 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. भारतीय लगदा आणि कागद तंत्रज्ञांची संघटना, जिला आपण सगळे इप्टा म्हणतो, ती त्या वर्षीची. आणि स्वीडनच्या मदतीने सहारनपूरला कागद तंत्रज्ञानाची शाळा निघाली तीही त्याच वर्षी. 1978 मध्ये ती रुडकी विद्यापीठात गेली आणि आता आयआयटी रुडकीचा भाग आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आकाराला आली, 1980 मध्ये स्वायत्त झाली. तिची सुरुवातीची वर्षे न्यू फॉरेस्टच्याच आवारात गेली; मग ती सहारनपूरला स्थिरावली. थोरल्या घरातून धाकटे वेगळे झाले. कारखान्यांची रोजची कामे, ऊर्जा, सांडपाणी हे सगळे तिकडे गेले. देहरादूनच्या विभागाकडे झाड आणि धागा राहिला, आणि 1991 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर शिक्षणही.

या सगळ्या काळात बांबू कमी पडू लागला होता. याचा विचार कारखान्याच्या भिंतीआड बसून पूर्ण होत नाही, म्हणून एक प्रकरण इथे नोंदवतो. सत्तरीच्या दशकात कर्नाटकात टोपल्या विणणाऱ्यांनी बांबू मिळत नाही म्हणून आवाज उठवला, आणि डॉ. माधव गाडगीळांनी सहकाऱ्यांसह तिथल्या बांबूचा अभ्यास केला. काटेरी कळकाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. तोडणी सोपी व्हावी, बेट मोकळे होऊन जोमाने वाढावे, म्हणून ते साफ करण्याची पद्धत होती. गावकरी सांगत होते की यानेच बेटे मरतात. गाडगीळांनी मोजून पाहिले. काटे काढले की कोवळा कोंब उघडा पडतो, आणि गुरे, रानडुकरे, वानरे तो खाऊन टाकतात. गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. रूटलेजनंतर शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच कोंबाशी अडखळलो होतो, आणि या वेळी रसायनाच्या नव्हे तर वनशास्त्राच्या रूढ समजुतीमुळे. टनांचा हिशेब करताना बुरडाची टोपली आणि त्याचे जाणतेपण आपण मोजले नाही, याची खंत मला आहे. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. आपल्या कारखान्यांनी मधल्या काळात निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांच्याकडे मोर्चा वळवला होता. शेताच्या बांधावर वाढणारे हे लाकूड तोलून विकून शेतकऱ्याला पैसे मिळतात, हे चांगलेच झाले. पण त्यांचा धागा आखूड. जोर हवा असेल तिथे लांब धागा अजूनही बांबूकडेच मागावा लागतो, नाहीतर बाहेरून आणावा लागतो.

देहरादूनला शिकताना माझा पहिला चाचणीचा ताव बिघडला होता. पाणी सोडण्यापूर्वी ढवळणे कमी पडले आणि एका बाजूला धाग्यांचा ढग बसला. उजेडासमोर धरल्यावर तो डाग सहज दिसत होता. आमच्या सरांनी तो फेकू दिला नाही. 27 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत त्याला इतर तावांबरोबर रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी त्याचीही ताकद मोजायला लावली आणि आकडा वहीत लिहून घेतला. त्या वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला रकाने छापलेले होते. सोड्याचे प्रमाण, तापमान, वेळ, लगद्याचा उतारा हे सगळे खाली. सगळ्यात आधीचे तीन रकाने होते प्रजाती, जंगल आणि बांबूचे वय. मी घाईत ते मोकळे सोडले होते. सरांनी पान माझ्याकडे परत सरकवले, आणि मी नमुन्याच्या मोळीला बांधलेली पत्र्याची चिठ्ठी शोधायला गोदामात गेलो.